आपली गल्ली कोणत्या आकड्यात बसते?

(गोंदियातील तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला, 'शहराची लोकसंख्या, राहणीमान आणि नगर परिषद'. विषय ऐकूनच काहींनी घड्याळाकडे पाहिलं असेल. म्हणून प्रस्तावना न करता एका आकड्यापासून सुरुवात करते: १,३२,८१३.

२०११ च्या जनगणनेत गोंदिया नगर परिषदेच्या हद्दीत मोजली गेलेली ही माणसं. आज इथे जे पंचवीसच्या आत आहेत, ते तेव्हा दहा वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. त्यानंतर शहरात जन्मलेलं एकही मूल या आकड्यात नाही. उलट जी माणसं या पंधरा वर्षांत कब्रस्तानात किंवा स्मशानात गेली, ती अजून या आकड्यात आहेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे आज २०२६ मध्येही गोंदिया शहराचा सरकारी हिशेब याच आकड्यावर चालतो.

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करते. आमच्याकडे पंधरा वर्षांपूर्वीच्या वापरकर्त्यांची संख्या धरून कुणी आजची यंत्रणा उभी केली तर ती पहिल्याच दिवशी कोसळेल. शहर तसं कोसळत नाही. शहरात नालीचं पाणी रस्त्यावर येतं, नळाला पाणी कमी येतं, घंटागाडी दोन दिवसांआड येते, आणि लोक हळूहळू त्याची सवय करून घेतात.

आकडा काय काय ठरवतो

आधी नगरसेवकांची संख्या घेऊ. महाराष्ट्रात नगर परिषदा १९६५ च्या कायद्याने चालतात. एक लाखाहून जास्त लोकसंख्या असेल तर नगर परिषद 'अ' वर्गात येते. गोंदिया 'अ' वर्गात आहे. अशा ठिकाणी सदस्यसंख्येचं सूत्र सोपं आहे. एक किमान संख्या ठरलेली असते, आणि एक लाखाच्या पुढे दर आठ हजार लोकसंख्येमागे एक सदस्य वाढतो. आपले एक लाखाच्या वरचे लोक ३२,८१३. त्याला आठ हजारांनी भागलं की पूर्ण चार येतात. पूर्वी किमान संख्या ३८ होती. ३८ अधिक ४, म्हणजे ४२. जानेवारी २०१७ मध्ये आपण ४२ नगरसेवक निवडून दिले. नंतर कायदा बदलला आणि किमान संख्या ४० झाली. ४० अधिक ४, म्हणजे ४४. म्हणून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत २२ प्रभाग आणि ४४ जागा होत्या.

नीट बघा, दोन जागा वाढल्या त्या कायद्यातली किमान संख्या बदलली म्हणून. शहरात माणसं किती वाढली याचा त्या वाढीशी संबंध नाही, कारण माणसं मोजलेलीच नाहीत.

प्रभागाचंही तेच. १,३२,८१३ ला २२ ने भागलं की सरासरी ६,०३७ येते. प्रभाग आखताना या सरासरीपासून दहा टक्के वर-खाली चालतं. म्हणजे कागदावर प्रत्येक प्रभाग साधारण साडेपाच ते साडेसहा हजारांचा आहे. प्रत्यक्षात ज्या भागात पंधरा वर्षांत घरांवर घरं चढली, एका घराची तीन घरं झाली, तिथे किती माणसं आहेत हे तिथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. दोन प्रभाग कागदावर सारखे असतात, पण एकातल्या नगरसेवकाकडे दुपटीने माणसं असू शकतात. सफाई कामगार मात्र दोन्हीकडे कागद पाहूनच दिले जातात.

पुढे पैसा. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांना द्यायच्या निधीसाठी २०११ चीच लोकसंख्या धरली. आपल्यासारख्या शहरांना मिळणाऱ्या या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिलेला होता. म्हणजे तुमच्या नालीचा आणि नळाचा पैसा थेट या आकड्याला जोडलेला आहे.

आणि रेशन. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात किती लोकांना स्वस्त धान्य द्यायचं याची मर्यादा साधारण सात कोटी ठरली, तीही २०११ च्या लोकसंख्येवर. शहरी भागात ४५.३४ टक्के लोक त्यात बसतात. समजा आपल्या गल्लीतल्या एका जोडप्याचं २०१८ मध्ये लग्न झालं. त्यांनी वेगळी चूल मांडली, वेगळं कार्ड काढलं. कार्ड मिळालं, पण धान्य सुरू होईना. दुकानदार एकच शब्द सांगतो: 'इष्टांक संपला.' हा शब्द आपल्या बायकांना पाठ झाला आहे. तो कुठून आला हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही. तो या जुन्या आकड्यातून आला आहे.

लोकसंख्या म्हटलं की आपण बचावात का जातो?

आता एक नाजूक गोष्ट. मुस्लिम तरुणापुढे 'लोकसंख्या' हा शब्द काढला की तो लगेच बचावाच्या पवित्र्यात जातो. त्याचं कारण आहे. टीव्हीवर, व्हॉट्सअॅपवर, कॉलेजच्या कँटीनमध्ये हा शब्द आपल्याकडे आरोप म्हणून येतो. त्या आरोपाला आकड्यांत उत्तर आहे, ते लक्षात ठेवा आणि पुढे चला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती. २०१९-२१ मध्ये ती २.३६ वर आली. याच काळात हिंदू स्त्रीमागे ३.३ वरून १.९४. दोन्ही रेषा खाली येत आहेत आणि एकमेकींजवळ सरकत आहेत. मुलीचं शिक्षण, उत्पन्न आणि दवाखान्याची सोय जिथे सुधारते, तिथे रेषा खाली येते. विषय संपला.

पण हा वाद घालण्यात आपली इतकी शक्ती जाते की लोकसंख्या हा आपला हक्क मागायचा आधारही आहे, हे आपण विसरतो. महाराष्ट्रात २०११ मध्ये मुस्लिम ११.५४ टक्के होते. राज्यातल्या एकूण लोकांपैकी शहरात राहणारे ४५ टक्के. मुस्लिमांमध्ये हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे. म्हणजे या राज्यातला मुस्लिम माणूस बहुतांशी शहरी माणूस आहे. त्याचं आयुष्य मुंबई-दिल्लीतल्या निर्णयांनी घडतं तितकंच नगरपालिकेच्या निर्णयांनी घडतं. गोंदिया जिल्ह्यात आपण शंभरात दोनच्या आसपास आहोत, आणि इथेही आपली वस्ती शहरातच जास्त दिसते. आपल्यासाठी सरकार म्हणजे सर्वांत आधी नगर परिषद.

सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीचा अहवाल २०१३ चा. दोन्ही अहवाल महत्त्वाचे आहेत आणि आपल्या प्रत्येक भाषणात त्यांचं नाव येतं. पण त्या अहवालांत तुमच्या गल्लीचं नाव नाही. गल्लीचा हिशेब कुणी दिल्लीहून येऊन करणार नाही.

हजरत उमर यांची वही

नोंद आणि मोजणी ही काही आपल्याला परकी गोष्ट नाही. मदिनेत प्रेषितांनी (स.) मुसलमानांची नावं लिहून घ्यायला सांगितली आणि दीड हजार पुरुषांची नोंद झाली, हे सहीह बुखारीत आलं आहे. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी 'दीवान' सुरू केला. दीवान म्हणजे नोंदवही. कुणाला बैतुल-मालमधून किती द्यायचं ते त्यात लिहिलेलं असे.

त्याबद्दल परंपरेत एक गोष्ट सांगतात. लहान मुलांचा भत्ता आधी दूध तुटल्यावर सुरू होई. एका रात्री उमर यांना एक बाळ सारखं रडताना ऐकू आलं. विचारल्यावर आईने सांगितलं, की खलीफा दूध तुटलेल्या मुलालाच भत्ता देतात, म्हणून मी याचं दूध लवकर तोडते आहे. उमर हादरले. त्यांनी नियम बदलला आणि मूल जन्मताच त्याचं नाव वहीत चढू लागलं.

या गोष्टीत दोन बाबी आहेत. वहीतला एक नियम घरातल्या बाळाच्या पोटापर्यंत पोहोचतो, ही पहिली. आणि नियम चुकतो आहे हे राज्यकर्त्याला कळलं, कारण ते कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, ही दुसरी. आपल्याला आज दोन्ही कामं करायची आहेत. वहीत नाव चढवायचं आणि वही चुकत असेल तर ते सांगायचं.

कोणतं काम कुणाचं?

सांगायचं तर कुणाला, हे माहीत पाहिजे. आपल्याकडे काहीही बिघडलं की नगरसेवकाला शिव्या घालायची पद्धत आहे. नळाला पाणी नाही, नगरसेवक. लाइट गेली, नगरसेवक. दवाखान्यात डॉक्टर नाही, नगरसेवक.

गोंदियाच्या नळाला वैनगंगेचं पाणी येतं, डांगोरलीहून. ती योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. उन्हाळ्यात नदी आटली की पुजारीटोला धरणातून पाणी सोडावं लागतं, आणि धरण पाटबंधारे विभागाचं. म्हणजे एका नळामागे तीन दरवाजे आहेत. वीज महावितरणची. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याची रुग्णालयं राज्य सरकारची. नाली, कचरा, गल्लीतला रस्ता, रस्त्यावरचा दिवा, जन्म-मृत्यूचा दाखला, बांधकामाची परवानगी, नगर परिषदेच्या शाळा, आणि या सगळ्यासाठी घेतली जाणारी घरपट्टी हे नगर परिषदेचं. चुकीच्या दारावर दहा वेळा थाप मारून थकण्यापेक्षा बरोबर दारावर एकदा अर्ज दिलेला बरा. आणि अर्ज दिला की पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे फक्त तोंडी तक्रार.

नगर परिषदेत दोन माणसं ओळखून ठेवा. नगराध्यक्ष, ज्यांना आपण थेट मतदान करून निवडतो, आणि मुख्याधिकारी, जे शासनाचे अधिकारी असतात. ठराव सभा करते, अंमलबजावणी मुख्याधिकारी करतात. सभेचं इतिवृत्त लिहिलं जातं. दरवर्षी साधारण फेब्रुवारीत अंदाजपत्रक मंजूर होतं. त्यात पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावी लागते. तुमच्या मोहल्ल्यात दिव्यांग किती आहेत आणि त्यातल्या किती जणांना त्या पाच टक्क्यांतलं काही मिळालं, हा प्रश्न आजवर कुणी विचारला आहे का?

माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत अर्ज, तीस दिवसांत उत्तर. त्याच्याही आधी कलम ४ आहे. त्यानुसार बरीच माहिती कार्यालयाने कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायची असते. आधी ती मागा.

मधली चार वर्षं

२०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ च्या सुरुवातीला संपली. संविधानाच्या कलम २४३-यू मध्ये स्पष्ट आहे, नगरपालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक. पण ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, प्रभागांचे नियम बदलत होते, आणि राज्यातल्या बहुतेक शहरांप्रमाणे गोंदियातही प्रशासक आले. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असा आदेश दिला, तेव्हा कुठे डिसेंबरमध्ये मतदान झालं. जवळपास चार वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता.

तुम्हाला त्या चार वर्षांत फरक जाणवला का? ज्यांच्या घरी नळ, पंप, दोन चाकं, ओळखीचा अधिकारी आहे, त्यांना फारसा जाणवला नसेल. ज्या बाईला रहिवासी दाखल्यासाठी, तुंबलेल्या नालीसाठी, रात्री बंद पडलेल्या दिव्यासाठी कुणाचं तरी दार हवं असतं, तिला जाणवला. नगरसेवक चांगला की वाईट, हा पुढचा प्रश्न. तो गल्लीत राहतो आणि त्याला पुन्हा मत मागायला यायचं असतं, एवढ्यानेही गरिबाला आधार मिळतो.

आणि म्हणूनच मतदान करून पाच वर्षं झोपायचं नाही. २००९ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात 'क्षेत्रसभे'ची तरतूद केली. गावात ग्रामसभा असते, तशी शहरात दोन ते पाच मतदान केंद्रांच्या मतदारांची सभा. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. गोंदियाच्या ४४ नगरसेवकांपैकी ज्यांना तुम्ही मत दिलं त्यांना, आणि ज्यांना दिलं नाही त्यांनाही विचारा: आमच्या भागाची क्षेत्रसभा कधी?

सरकारला मोहल्ला दिसत नाही, प्रभाग दिसतो

आता मी जे सांगणार आहे, ते आज घरी घेऊन जायचं.

जनगणनेची आकडेवारी वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. धर्मानुसार लोकसंख्या शहरापर्यंत प्रसिद्ध होते. गोंदिया शहरात मुस्लिम किती, हिंदू किती, बौद्ध किती हे कळतं. पण प्रभागाच्या पातळीवर धर्म दिलेला नसतो. प्रभागाच्या पातळीवर मिळतं ते वेगळं: घरं किती, माणसं किती, शिकलेले किती, काम करणारे किती, अनुसूचित जाती-जमाती किती, नळ किती घरांत, संडास किती घरांत, नाली उघडी की झाकलेली.

म्हणजे 'मुस्लिम मोहल्ल्याची नाली' असा तक्ता सरकारकडे नाहीच. प्रभागाची नाली आहे. या नालीच्या एका बाजूला तुमचं घर असतं, दुसऱ्या बाजूला बौद्ध कुटुंबाचं, पुढे मरार, तेली, पोवार, सिंधी. गोंदिया हे टोल्यांचं शहर आहे: रेलटोली, मरारटोली, सिंगलटोली, गड्डाटोली, माताटोली. नावं वेगळी आहेत, पण पावसाळ्यात पाणी टोलीचं नाव विचारून घरात शिरत नाही.

त्यामुळे 'आम्ही मुस्लिम म्हणून आमच्या भागाकडे दुर्लक्ष होतं' हे तुमचं म्हणणं खरं असलं, तरी ते सिद्ध करायला तुमच्या हातात प्रभागाचे आकडे पाहिजेत. शेजारच्या प्रभागात दर हजार माणसांमागे किती सफाई कामगार, आपल्याकडे किती? तिथे किती दिवे, इथे किती? हे घेऊन गेलात तर उत्तर द्यावं लागतं. नुसता राग घेऊन गेलात तर चहा पाजून परत पाठवतात.

आणि जाताना एकटे जाऊ नका. अल्पसंख्याकांसाठी नागरी भागात मूलभूत सुविधांची शासनाची योजना आहे. अल्पसंख्याक या शब्दात मुस्लिमांबरोबर बौद्ध, ख्रिश्चन, शीख, जैन, पारशी येतात. गोंदियात आपले आणि बौद्धांचे कितीतरी मोहल्ले भिंतीला भिंत लावून आहेत. एकाच अर्जावर दोघांच्या सह्या का नसाव्यात? आणि नालीच्या अर्जावर तर धर्माचा रकानाच नसतो, तिथे सगळ्या गल्लीच्या सह्या पाहिजेत. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणं हा ईमानचा भाग आहे, असं आपण लहानपणापासून ऐकलं. तो रस्ता फक्त मुसलमानाचा असावा अशी अट त्यात नाही.

हद्दीबाहेरचे आपले लोक

आणखी एक आकडा. २००१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती. २०११ मध्ये १ लाख ३२ हजार. दहा वर्षांत फक्त दहा टक्के. शहर तर डोळ्यांदेखत वाढलं, मग माणसं गेली कुठे? कुडवा, फुलचूर, कटंगीकडे जा. घरं तिकडे उभी राहिली. माणूस कामाला गोंदियात, बाजाराला गोंदियात, मुलं गोंदियाच्या शाळेत, आणि राहायला ग्रामपंचायतीत. स्वस्त प्लॉट मिळाला म्हणून आपलेही बरेच लोक तिकडे गेले. तिथे प्लॉट पाडताना नाली कुठे जाणार, याचा विचार झाला नसेल तर पुढची तीस वर्षं तो त्रास राहतो. प्लॉट घेणाऱ्या तरुणांना माझं सांगणं, दर विचारण्याआधी अकृषक परवानगी आणि मंजूर नकाशा बघा. नकाशात रस्ता आणि नाली कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा म्हणावं.

येणारी जनगणना

आता मुद्द्याची वेळ आली आहे. नवी जनगणना दोन टप्प्यांत आहे. पहिला टप्पा घरयादीचा, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ दरम्यान, प्रत्येक राज्याला तीस दिवस. त्यात ३३ प्रश्न: भिंत, छत, फरशी, खोल्या किती, पाणी कुठून, संडास कसा, सांडपाणी कुठे जातं, स्वयंपाकाला काय वापरता, इंटरनेट आहे का. दुसरा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांच्या मोजणीचा. त्यात जातही विचारली जाणार आहे. सगळ्या जातींची अशी मोजणी याआधी १९३१ मध्ये झाली होती.

मला माहीत आहे, तुमच्या घरात भीती आहे. २०१९-२० मध्ये जे घडलं ते आपण विसरलेलो नाही. त्या वेळी घरयादीबरोबरच लोकसंख्या नोंदवही म्हणजे एनपीआर करण्याचं ठरलं होतं, त्यामुळे लोकांची शंका वेडगळ नव्हती. पण फरक समजून घ्या. जनगणना १९४८ च्या जनगणना कायद्याने होते. नागरिकत्वाच्या नोंदी १९५५ च्या नागरिकत्व कायद्याखाली, २००३ च्या नियमांनी. दोन वेगळे कायदे. जनगणनेत तुम्ही तोंडी सांगाल ते लिहायचं असतं, कागदपत्रं दाखवायची नसतात. कायद्याच्या कलम १५ नुसार तुमची वैयक्तिक नोंद कुणालाही पाहायला मिळत नाही आणि ती पुरावा म्हणून वापरता येत नाही. कुणी कागद मागितलाच, तर शांतपणे विचारा: हा ३३ पैकी कितवा प्रश्न? ओळखपत्र बघा, नाव लिहून घ्या.

दार बंद करून बसलो तर काय होईल? आपलं घर यादीत राहणार नाही, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं नाली, दिवा, रेशन, प्रभाग सगळं आपल्याशिवाय ठरेल. भीतीची किंमत आपल्याच मुलांना मोजावी लागेल.

चार गोष्टी घरोघर सांगायच्या आहेत.

एक, वेगळी चूल म्हणजे वेगळं कुटुंब. मागच्या खोलीतला भाडेकरू, वरच्या मजल्यावरचा भाऊ, सगळ्यांची नोंद झाली पाहिजे. गर्दी दिसेल म्हणून लपवायचं नाही. दहा माणसं दोन खोल्यांत राहतात हे लिहिलं गेलं तरच ते कुणाला तरी दिसेल.

दोन, घरी बिड्या वळणारी, शिवणकाम करणारी, पापड लाटणारी बाई काम करते. 'ती घरीच असते' हे उत्तर दारात उभ्या पुरुषाने देऊ नये. जिल्ह्यातल्या किती बायकांची बोटं तेंदूपत्त्याने काळी झाली आहेत! त्यांचं काम कामात धरलंच गेलं नाही, तर त्यांच्यासाठीची योजना कुणाच्या नावाने येणार?

तीन, जात. महाराष्ट्रात १९९४ च्या शासन निर्णयानंतर मोमीन, मन्सूरी, खाटीक, अत्तार, तांबोळी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्यांना ओबीसीच्या सवलतींचा रस्ता मोकळा झाला. इस्लाममध्ये उच्च-नीच नाही हे आपण मानतोच. पण समाजात मागासलेपण आहे, आणि त्याचं मोजमाप बिरादरीच्या नावाने होतं. जे दाखल्यावर आहे ते सांगा. नगर परिषदेतल्या अर्ध्या जागा स्त्रियांच्या आहेत, ४४ पैकी २२. ओबीसी जागांतही अर्ध्या स्त्रियांच्या. इथे बसलेल्या मुलींनी ही बेरीज स्वतः करून पाहावी.

चार, भाषा. मातृभाषा जी असेल ती सांगा, आणि दुसरी-तिसरी येणारी भाषाही सांगा. घरी उर्दू किंवा हिंदी बोलणारा, शाळेत मराठी शिकलेला माणूस मराठी आकड्यातही दिसला पाहिजे.

एक वही

शेवटी काम. मोठं आंदोलन सांगत नाही. एका प्रभागात पाच जण जमवा, त्यात किमान दोन मुली आणि किमान दोन जण दुसऱ्या समाजाचे. एक वही घ्या. गल्लीगणिक लिहा: घरं किती, चुली किती, नळ किती, पाणी किती वाजता आणि किती वेळ, दिवे किती आणि चालू किती, नाली कुठून कुठे जाते, घंटागाडी आठवड्यात किती वेळा, अंगणवाडी कुठे. कुणाचं नाव, आधार, फोन लिहायचा नाही. धर्मही लिहायचा नाही. सहा हजारांचा प्रभाग पाच जणांना चार रविवारांत होतो, मी गणित करून पाहिलं आहे.

मग त्या वहीची एक प्रत प्रभागाच्या दोन्ही नगरसेवकांना द्या, एक मुख्याधिकाऱ्यांना, पोच घेऊन. घरयादीच्या दिवसांत तीच वही घेऊन प्रगणकाबरोबर फिरा, एखादी गल्ली सुटली तर दाखवा. पुढच्या फेब्रुवारीत अंदाजपत्रक येईल तेव्हा वही उघडून विचारा: यातल्या कोणत्या ओळीसाठी किती रुपये?

ज्यांना पहिला प्रभाग घ्यायचा आहे, त्यांनी आज जाताना दाराजवळच्या टेबलावर नाव लिहून जावं. वह्या मी आणल्या आहेत. बावीस.